काजळीकाठचा डोंगर

भाट्याच्या पुलावर आषाढात उभं राहिलं की पश्चिमेचा समुद्र कुठे संपतो आणि आभाळ कुठे सुरू होतं ते सांगता येत नाही. पूर्वेकडे तोंड केलं तर खाडी आत वळत गेलेली दिसते. जवळचे माड हिरवे, पुढचे करडे, त्यापुढचे नुसते अंदाजाने ओळखायचे, आणि मग काहीच नाही. पांढुरकं, ओलं, कोरं. तरी पुलावरून जाणाऱ्या कुणालाही विचारावं, तिकडे काय आहे? छत्री सावरत तो सांगेल, "डोंगर." न दिसणाऱ्या गोष्टीबद्दल इतकी खात्री मला दोनच ठिकाणी सापडली आहे: पावसाळ्यातल्या रत्नागिरीत आणि पाचशे वर्षांपूर्वीच्या जपानी शाईचित्रांत.

पुलाखालून समुद्राला मिळते ती नदी काजळी. आंबा घाटाच्या बाजूच्या डोंगरात ती उगम पावते, साखरप्यावरून खाली उतरते, अंजणारी, चांदेराई अशी गावं घेत भाट्याला येते. काजळी हा शब्द आपल्याला आधी ठाऊक असतो तो कंदिलाच्या काचेवर धरणाऱ्या काळ्या थरासाठी. आणि जपानी चित्रांतला प्रत्येक डोंगर अक्षरशः त्या काजळीचाच बनलेला असतो. त्यांची शाई, म्हणजे 'सुमी', अशी होते: तेलात वाती पेटवायच्या, वर मातीचं झाकण धरायचं, झाकणाला बसलेली काजळी खरवडून जनावराच्या सरसात मळायची, लाकडी साच्यात दाबून वडी पाडायची आणि राखेत ठेवून सावकाश वाळवायची. नारा शहरात हे काम करणारं एक घराणं १५७७पासून आहे. पाइनचं लाकूड जाळून धरलेल्या काजळीची छटा किंचित निळसर येते, तेलाच्या काजळीची उबदार तपकिरी. चित्रकार ती वडी दगडी पाट्यावर थेंबभर पाण्यात गोल गोल उगाळतो, आपण सहाणेवर गंध उगाळतो तशीच. आपल्याकडच्या पोथ्याही काजळ आणि डिंकाच्या शाईनेच लिहिल्या गेल्या. म्हणजे साहित्य ओळखीचं आहे. त्यातून डोंगर कसा उभा राहतो, ते मात्र पाहत राहावं असं आहे.

सेश्शू नावाचा झेन भिक्षू १४२० साली जन्मला. १४६७ ते १४६९ तो चीनमध्ये होता, तिथले डोंगर आणि तिथली चित्रं त्याने डोळे भरून पाहिली. पुढे १४९५मध्ये, पंचाहत्तरीला आलेला असताना, निरोप घेऊन निघालेल्या एका शिष्याला त्याने एक चित्र करून दिलं. ते आता टोकियोच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. रुंदी जेमतेम ३३ सेंटिमीटर, लांबी दीड मीटरच्या आतबाहेर, आणि त्यातही वरचा मोठा भाग सेश्शूच्या स्वतःच्या मजकुराने आणि सहा भिक्षूंच्या कवितांनी भरलेला. चित्र खाली, थोड्याशा जागेत. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, कुणाच्या हातून शाई सांडली आहे. काही गडद डाग, काही ओले फराटे, मागे दोनतीन फिकट पट्टे. मग नजर थांबते आणि डाग वेगळे होऊ लागतात. तो गडद डाग म्हणजे पाण्यावर झुकलेला कडा, त्याच्या माथ्यावर झुडपं. कड्याच्या पायथ्याशी दोनचार तिरप्या रेघा: घराचं छप्पर. शेजारी काठीला लावलेली पताका, म्हणजे तो गुत्ता असणार. उजवीकडे दोन रेघांची होडी, त्यात दोन माणसं. आणि मागचे ते फिकट पट्टे? ते उंचच उंच डोंगर आहेत, धुक्यात उभे. एकदा दिसले की परत डाग दिसणं अशक्य होतं.

डोंगर कागदावर फारसा नाहीच. सेश्शूने त्याची एक कड ओली करून सोडून दिली. बाकीचा डोंगर पाहणाऱ्याने उभारला. कोऱ्या सोडलेल्या जागेला जपानी चित्रकलेत 'योहाकु' म्हणतात, आणि ती जागा मोकळी नसते. तिथे धुकं असतं, पाणी असतं, आभाळ असतं, अंतर असतं. कागद मात्र तोच, कोरा. जलरंगात काम करणाऱ्यांना याची थोडी कल्पना असेल. सावर्ड्याच्या सह्याद्री स्कूल ऑफ आर्टची मुलं पाट्या घेऊन निसर्गचित्रं करायला बाहेर पडतात, त्यांनाही पांढरा रंग लावायचा नसतो, पांढरं राखायचं असतं. पण जपानी चित्रकाराला रंगाचाही आधार नाही, आणि एकदा टेकलेला कुंचला पुसताही येत नाही.

या युक्तीचं मूळ चीनमध्ये आहे. अकराव्या शतकातला थोर चित्रकार गुओ शी, ज्याचं १०७२ सालचं 'वसंतारंभ' हे चित्र आज तैपेईत आहे, त्याने चित्रकारांना सांगितलं होतं की डोंगर उंच वाटायला हवा असेल तर तो सगळा दाखवू नका, त्याच्या कमरेला धुकं गुंडाळा. नदी लांबची वाटायला हवी असेल तर तिची वाट मधेमधे तोडा. साखरप्याला राहणाऱ्यांना हे समजावून सांगावं लागणार नाही. मे महिन्यात तिथून कडा पायथ्यापासून माथ्यापर्यंत स्वच्छ दिसतो आणि जेवढा आहे तेवढाच दिसतो. जुलैत ढग त्याच्या कमरेला येऊन बसतात, वर कुठेतरी एक काळी धार क्षणभर उघडते, आणि ती इतकी वर असते की मान मोडते. डोंगर तोच. ढगांनी तो वाढवलेला असतो.

भाट्याच्या किनाऱ्यावर सुरूचं बन आहे. पहाटे धुकं उतरलेलं असताना तिथे गेलं तर पुढची झाडं शाईसारखी काळी, मागची राखाडी, त्यामागची नुसती चाहूल. हासेगावा तोहाकू (१५३९–१६१०) हा चित्रकार अशाच किनारी मुलखातला, नोतो द्वीपकल्पातला. त्याने सहा-सहा फळ्यांच्या दोन पडद्यांवर धुक्यातले पाइन रंगवले. जपानी लोकांना जिवापाड आवडणारं हे चित्र पाहताना सगळे झाडांबद्दल बोलतात. पण नीट पाहिलं तर वरच्या बाजूला, कागदाच्या पांढऱ्याहून केसभर वेगळा, एक बर्फाचा डोंगर आहे. तोहाकूने तो काढला नाही म्हटलं तरी चालेल, इतका पुसट. तरी तो झाकून पाहिला तर झाडं कुठे उभी आहेत ते कळेनासं होतं.

पण डोंगरच का? त्या चित्रकारांना फुलं होती, पक्षी होते, माणसं होती, आणि ती त्यांनी काढलीही. तरी या कलेच्या मध्यभागी शतकानुशतकं डोंगर बसलेला आहे. निसर्गचित्राला जपानी शब्दच 'सान्सुई' आहे, म्हणजे डोंगर-पाणी. दोन शब्दांची जोडी, जशी आपल्याकडे शेत-शिवार किंवा घर-दार. गुओ शीच्या परंपरेत डोंगर हे शरीर मानलं जाई: खडक ही हाडं, पाणी हे रक्त, झाडंझुडपं हे केस आणि धुकं ही चेहऱ्यावरची कांती. मधला मोठा डोंगर यजमान, भोवतीच्या टेकड्या पाहुण्या. ऋतूंप्रमाणे या शरीराचा भावही बदलतो. वसंतात डोंगर हसतो, ग्रीष्मात त्याच्यावरून हिरवाई निथळते, शरदात तो नटतो, हिवाळ्यात झोपतो. हे चारही भाव पुढे जपानी हायकूत ऋतूंचे ठरलेले शब्द होऊन बसले. शिरीष पै यांच्यामुळे हायकू मराठीत आला, पण हे हसणारे-झोपणारे डोंगर काही आले नाहीत, याची मला चुटपुट आहे. आमचा जांभ्याचा सडा तर भाद्रपदात इवल्या फुलांनी अक्षरशः नटतो.

याच्याही खाली आणखी जुना अर्थ आहे, आणि तो शोधत गेलं की माणूस फिरून आपल्याच देवघरात येतो. जपमाळेतला मोठा मणी हातात धरा. त्याला आपण मेरुमणी म्हणतो, आणि तो ओलांडत नाही. पाठीच्या कण्याला मेरुदंड म्हणतो. विश्वाच्या मधोमध उभा असलेला, ज्याच्याभोवती सूर्य-चंद्र फिरतात तो मेरू पर्वत बौद्ध ग्रंथांबरोबर भारतातून निघाला, चीन आणि कोरिया ओलांडून जपानला पोहोचला आणि तिथे 'सुमेरू'चा 'शुमिसेन' झाला. जपानच्या सर्वांत जुन्या इतिहासग्रंथांपैकी एकात ६१२ सालची नोंद आहे: कोरियातून आलेल्या एका कारागिराने राजवाड्याच्या अंगणात शुमिसेनची प्रतिकृती उभारली. आजही जपानच्या कुठल्याही बौद्ध मंदिरात मूर्ती ज्या चौथऱ्यावर बसते त्याला 'शुमिदान' म्हणतात, म्हणजे मेरूचा ओटा. बुद्ध तिथे बसतो तो मेरूवर बसतो. आणि जपानची स्वतःची श्रद्धा तर त्याहून आधीपासून डोंगराकडे पाहत होती. देव डोंगरात राहतो, वसंतात उतरून भातशेतीचा देव होतो, कापणी झाली की परत वर जातो, असं तिथले शेतकरी मानत आले. आलेल्या मेरूला तिथे आधीच घर तयार होतं.

आपल्याकडे देव असा ये-जा करत नाही, पण डोंगराशी सोयरीक जोडतो. संगमेश्वर तालुक्यात मारळजवळ, सह्याद्रीच्या पोटातल्या गुहेत मार्लेश्वर आहे. शेजारी कड्यावरून धारेश्वर कोसळतो. दर मकरसंक्रांतीला तिथे मार्लेश्वराचं लग्न लागतं, वधू साखरप्याची गिरिजादेवी. गिरिजा म्हणजे डोंगराची मुलगी. हजारो माणसं त्या लग्नाला वऱ्हाडी म्हणून जातात. सान्सुई हा शब्द कानावर न पडताही डोंगर आणि पाणी यांच्यामध्ये बसून अक्षता टाकतात.

आता एक गोष्ट, जी कळल्यावर मी ही चित्रं वेगळ्या डोळ्यांनी पाहू लागलो. ज्यांनी हे निर्मनुष्य डोंगर रंगवले ते बहुतेक शहरात राहत होते. चौदाव्या-पंधराव्या शतकातली मोठी झेन मंदिरं क्योतो आणि कामाकुरा या शहरांत होती. त्या मंदिरांच्या श्रेणीला 'पाच डोंगर' म्हणत. सपाट गल्लीत उभ्या असलेल्या मंदिराच्या दरवाज्यालाही 'डोंगरदरवाजा' म्हणायची रीत होती, आजही आहे. सेश्शू घडला तो अशाच एका 'डोंगरात', क्योतोच्या शोकोकु-जी मंदिरात. आत काय चालायचं? हिशेब, पत्रव्यवहार, सरदारांची ऊठबस, चीनशी चाललेल्या व्यापाराची कागदपत्रं. या गर्दीत अडकलेल्या भिक्षूंसाठी चित्रं काढली जात: दरीत एकच झोपडी, भोवती बांबू, मागे डोंगर. १४१३ सालचं असं एक चित्र क्योतोच्या नान्झेन-जी मंदिराच्या परिसरात जपलेलं आहे. ती झोपडी कुठेच बांधलेली नव्हती. शहरात राहणाऱ्या एका भिक्षूच्या मनातलं घर त्याच्या मित्रांनी कागदावर आणलं, आणि वर कविता लिहून त्याला दिलं.

हे वाचताना मला लालबाग-परळच्या खोल्या आठवल्या. चाकरमान्यांच्या त्या खोल्यांत कपाटाच्या दारावर गावच्या घराचा एक फोटो असायचा. कौलारू घर, मागे डोंगर. गणपतीला आणि शिमग्याला जायचं, एरवी फोटो पाहायचा. पाचव्या मजल्यावर डबा खाताना माणूस त्या डोंगराखाली बसलेला असे. क्योतोच्या भिक्षूला ही खोली अनोळखी वाटली नसती.

कोकण रेल्वे त्या चाकरमान्याला घरी नेते तेव्हा आणखी एक जपानी गोष्ट घडते. सेश्शूने १४८६मध्ये चार ऋतूंची एक गुंडाळी रंगवली, सुमारे १६ मीटर लांब. ती भिंतीवर टांगायची नसते. डाव्या हाताने उलगडायची, उजव्या हाताने गुंडाळायची, एका वेळी हातभर पाहायची. बसलेला माणूस हलत नाही, डोंगर त्याच्यासमोरून चालत जातात. चिपळूण सोडलं की गाडीच्या पूर्वेकडच्या खिडकीत हेच सुरू होतं: एक कडा येतो, धुक्यात विरतो, बोगद्याचा काळा पट्टा, मग दुसरी दरी, पुन्हा काळा पट्टा. उक्षीनंतरचा करबुड्याचा बोगदा साडेसहा किलोमीटरचा. त्यातून बाहेर पडेपर्यंत मागचा डोंगर मनात राहतो आणि पुढच्याला चिकटतो.

गाडीतून उतरून आंबा घाटाकडे गेलं तर गुओ शीची 'तीन अंतरं' एका दुपारी चालून होतात. त्याचं म्हणणं असं की डोंगर एका जागेवरून पाहायची गोष्टच नाही. खालून माथ्याकडे पाहणं हे उंच अंतर; ते साखरप्याजवळ. डोंगराच्या पुढून मागे डोकावणं हे खोल अंतर. ते घाटाच्या वळणांवर, एका सोंडेमागे दुसरी, तिच्यामागे तिसरी, प्रत्येक आधीपेक्षा फिकट. आणि उंचावरून दूरवर सपाट पाहत जाणं हे पसरट अंतर. ते घाटमाथ्यावर, जिथून कोकण समुद्राच्या दिशेने ओसरत जातं. जपानी आणि चिनी चित्रांत ही तिन्ही एकाच कागदावर येतात. युरोपच्या चित्रात आपण खिडकीत उभे असतो. इथे तळाशी एखादा मुंगीएवढा वाटसरू असतो, टोपी घातलेला, पायवाटेने वर निघालेला. आपण त्याच्याबरोबर चालू लागतो, आणि चालताना नजर बदलत राहते.

खडकाची जात दाखवायला या चित्रकारांकडे रेघांच्या जाती आहेत. तागाच्या धाग्यांसारख्या लांब मऊ रेघा मातीच्या गोल डोंगरांसाठी. कुंचला आडवा धरून मारलेले कुऱ्हाडीचे घाव तुटलेल्या कड्यांसाठी. सेश्शूने हे घाव चिनी चित्रकार शिआ ग्वीच्या चित्रांवरून गिरवले आणि त्याच्या हातात ते आणखी टोकदार झाले. त्याच्या 'हिवाळा' या चित्रात कड्याची एकच काळी रेघ वर जाते आणि आभाळात मधेच थांबते. मी ती पाहिली आणि म्हटलं, हा सह्याद्री आहे. आपला बेसाल्ट थराथरांनी साचलेला आणि उभा तुटलेला, त्याला कुऱ्हाडीचेच घाव हवेत. पावसात भिजलेल्या दऱ्यांसाठी मी फू या चित्रकाराच्या नावाचे आडवे ओले ठिपके: ठिपक्यावर ठिपका, रेघ कुठेच नाही, सगळं पाझरणारं. आषाढातला देवरुख-मार्लेश्वरचा रान-डोंगर असाच ठिपक्यांचा असतो. आणि जांभ्यासाठी? त्या भोकाभोकांच्या तांबड्या दगडाला मी माझ्यापुरतं नाव ठेवलं आहे: घावणाची जाळी. कुणी चित्रकाराने ती रेघ शोधावी, असं फार वाटतं.

१२४० साली दोगेन नावाच्या झेन गुरूने क्योतोजवळ डोंगर आणि पाणी यांच्यावर एक प्रवचन दिलं. एका जुन्या चिनी गुरूचं वचन घेऊन तो म्हणाला की हिरवे डोंगर सतत चालत असतात. ज्याला ते कळत नाही त्याला स्वतःचं चालणंही कळलेलं नाही. मी हे बरीच वर्षं कोडं म्हणून वाचलं. मग भूगर्भशास्त्राचं पुस्तक उघडलं. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हाचे थर साचले. पुढे पश्चिमेकडचा भूभाग तुटून दूर गेला आणि पठाराचा कडा उघडा पडला. अरबी समुद्राचा पाऊस त्या कड्यावर आदळत राहिला, छोट्या नद्या मागे मागे कुरतडत गेल्या, आणि कडा पूर्वेला सरकत गेला. आज तो किनाऱ्यापासून पन्नासएक किलोमीटर आत आहे. परशुरामाने बाण मारून समुद्र मागे हटवला, ही आपली गोष्ट आहे. खडक सांगतात ती गोष्ट अशी की डोंगर मागे हटला, आणि त्याने चालत सोडलेली जमीन म्हणजे कोकण. ज्या जमिनीवर आपली घरं आहेत ती डोंगराची पावलं आहेत. काजळी, शास्त्री, वाशिष्ठी अजूनही त्याला कुरतडत आहेत. जुलै २०२१मध्ये खेड तालुक्यातल्या पोसरे गावावर दरड आली, तेव्हा ज्यांची माणसं गेली त्यांना डोंगर चालतो हे कुणी प्रवचनातून सांगायची गरज राहिली नाही. चित्रातल्या कड्याखालची ती इवलीशी छपरं मी तेव्हापासून जास्त वेळ पाहतो.

मेरूबरोबर भारतातून जपानला झालेला प्रवास विसाव्या शतकाच्या सुरुवातीला उलटा झाला. ओकाकुरा काकुझो हा जपानी विचारवंत भारतात आला, पाठोपाठ १९०३मध्ये योकोयामा ताईकान आणि हिशिदा शुन्सो हे चित्रकार कोलकात्याला आले, आणि त्यांच्याकडून बंगालच्या चित्रकारांनी ओल्या, धुवट रंगाची रीत उचलली. आपल्या बाजूला ही ओढ चित्रकार वासुदेव गायतोंडे यांच्यात दिसते. गोव्याच्या कुटुंबातले, १९२४मध्ये नागपुरात जन्मलेले, गिरगावात वाढलेले, जे. जे.मधून शिकलेले. झेन विचार त्यांना मनापासून भिडला होता. १९८४मध्ये झालेल्या अपघातानंतर मोठे कॅनव्हास काही काळ थांबले तेव्हा त्यांनी कागदावर शाईची छोटी कामं केली. त्यांच्यात डोंगर शोधू नये. पण डोंगराच्या कमरेचं धुकं, ते कोरं ओलं अंतर, तेवढंच उचलून कुणी संपूर्ण चित्र करू पाहिलं असेल, तर ते त्यांनी.

मागच्या पावसाळ्यात मी तिळाच्या तेलाची वात लावली आणि वर पितळी वाटी उपडी धरली. आई लहानपणी काजळ धरायची तसं. तासाभरात वाटीला मखमली काळा थर बसला. बोटाने खरवडला, डिंकाच्या पाण्यात कालवला, कुंचला भिजवून कागदावर एकदाच तिरपा ओढला. शाई कडेने पसरत गेली, एका बाजूला फिकट होत विरली. खाली काय काढावं ते सुचेना, तेव्हा जागा तशीच सोडली आणि कागद खिडकीपाशी वाळत ठेवला.

आई चहा घेऊन आली. वाकून कागद पाहिला.

"आंब्याकडचा ना हा?" मग पुढच्या पांढऱ्या जागेवर, जिथे मी काहीच काढलं नव्हतं तिथे, बोट न टेकवता म्हणाली, "इथून काजळी येते."